मशीनीचं गाऱ्हाणं

टेम्पोवाला खोकं उतरवून गेला, आणि सुभद्रावयनी घरापुढच्या खळ्यात कमरेवर हात ठेवून त्या खोक्याकडे बघत राहिली. बघत म्हणजे कशी, तर दारात अनोळखी पाहुणा येऊन बसावा आणि त्याने नावही सांगू नये, तशी. खोकं दोन गड्यांनी वाकून उचललेलं, बाहेरून फळ्या, आतून जाड पुठ्ठा, वर इंग्रजीत काहीबाही. ओटीच्या कट्ट्यावर, पेळेवर बसलेला गंगाराम, म्हणजे तिचा नवरा, उजव्या हातात बिडी, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला, तिथूनच म्हणाला, "गो, खोक्यात वाघ नाय आसा. उघड."

"तुमी गप रवा."

मुंबईहून झिलाचा, अनिशचा, फोन आला. "आये, पॉवर टिलर आसा ता. पेट्रोलार चलता. आता बैलांची वाट बघूक नको." सुभद्रावयनीला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं असतं, पण तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि बाबूकाकाक सांगलंय मी. तो येवन जोडून देतलो."

झालं. येऊ घातलेलं पाणी तिथल्या तिथे आटलं.

"तेका कित्याक सांगलंस? माका इचारूचा तरी!"

"आये, मशीनीतला तेकाच कळता. पातीची मशीन तोच खोलता, तोच जोडता मा?"

आता बाबू कोण, तर गंगारामाचा चुलत भाऊ. घर दगडी गडग्याच्या पलीकडे, एकाने शिंकलं तर दुसऱ्याला ऐकू येईल एवढ्यावर. समुद्रावर छोटी पात, म्हणजे होडी, आहे त्याची, मागे मशीन लावलेली, पहाटे जायचं, दुपारी मासळी घेऊन यायचं. माणूस हसरा. आणि सुभद्रावयनीला त्याचं हसणंच खुपायचं.

कारण होतं व्हाळाकाठचा कुणगा, ओढ्यालगतचं भाताचं शेत. गंगारामाच्या अंगावरून वारं गेलं, बैल विकले, आणि तो भाताचा कुणगा पड पडला. एक साल गेलं, दुसरं गेलं. गवत छातीला लागलं. तर एकदा हा बाबू मेरेवर, बांधावर उभा राहून, तंबाखू चोळत, हसत हसत म्हणाला होता, "वयनी, कुणगो पडच आसा. काजीची चार कलमां लावू काय? तुका पण काजी गावतल्यो."

तुका पण! स्वतःच्या कुणग्यातल्या काजी तिला पण मिळणार! त्या दिवसापासून तिची झोप उडाली. भात लावणारा भात कापून घेऊन जातो, जमीन ज्याची त्याच्याकडे राहते. काजीचं तसं नसतं. काजी लावली की तिची मुळं खाली जातात आणि लावणाऱ्याचीही जातात. मग उपटायला गेलात तर अख्खी वाडी म्हणते, फळतं झाड कसं तोडता? म्हणून तिने ठरवलं होतं, यंदा थंडीत काही करून तिथे कुळीथ पेरायचे. कुणगा पड दिसला नाही पाहिजे. व्हाळाची ओल मातीत आहे तोवर पेरलं तर पेरलं, नाहीतर माती चिऱ्यासारखी होते आणि मग पुढच्या सालावर. आणि पुढच्या सालापर्यंत बाबू थांबेल, असं तिला वाटत नव्हतं.

म्हणून ती रोज सकाळी पेज पिऊन कोयती घेऊन जायची आणि गवत बेणायची. लाजरीचे काटे पोटऱ्यांना, मनगटांना. दुपारी घरी आली की कंबर सरळ व्हायची नाही, भिंतीला धरून धरून उभी राहायची. अख्खा कुणगा तिने एकटीने साफ केला. राहिली होती फक्त नांगरणी. आणि ती नांगरणी आता बाबूच्या हातात गेली होती.

बाबू आला तो पान्यांची पिशवी घेऊन, अंगाला सुंगटांचा, कोळंबीचा वास. सुभद्रावयनीने काय केलं होतं माहिती आहे? चहा आधीच करून थर्मासात भरून ठेवला होता. मध्येच उठून आत जावं लागू नये म्हणून! विळी घेऊन खळ्यातच बसली, समोर लाल भाजीची जुडी, आणि डोळे बाबूच्या हातांवर.

"वयनी, चाय टाक मगे."

"केलली आसा. पी आणि काम कर."

बाबूने फळ्या काढल्या. इंजिन निघालं, नवं, लालभडक. मग हँडल, दोन पिना, दोन तारा, चिखल उडू नये म्हणून पत्रे, मागे लावायचा लोखंडी दांडा, आणि वाकड्या पात्यांचे दोन घोस. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, ते गंगारामाने वारा घ्यायला घेतलं. बाबूने हँडल बसवलं, तारा ओढल्या, पाती आसावर चढवून पिना मारल्या, आणि मध्येच हात खिशात घातला.

"काय घातलंस खिशात?"

"तंबाकू."

"दाखय."

बाबूने खरंच पुडी काढून दाखवली. गंगाराम म्हणाला, "आता तेका तोंड उघडूक सांग. दातात एखादो नट असात."

बाबू हसला. ती नाही हसली.

मग त्याने कॅनमधलं पेट्रोल बाटलीत घेतलं, दुसऱ्या बाटलीतून त्यात ऑइल ओतलं, आणि बाटली खळखळ हलवायला लागला. तिने विळी बाजूला सारली. "ह्या काय ओततंस?"

"ऑइल. पेट्रोल कोरा दिलंस तर मशीन जळतली. पातीक आमी असाच देताव. दादा, बिडी थंय लांब ठेव! सगळ्यांका एकदम देवाघरी पोचवतलंस!"

गंगारामाने बिडी विझवली. सुभद्रावयनीने मशीनीसमोर नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं. तोवर वाडीतली दहा-बारा माणसं गडग्यापाशी जमली होती, त्यात सावित्री होती. सावित्री म्हणजे देवळात झाडलोट करणारी, आणि देवळातली बातमी देवाच्या आधी वाडीत पोचवणारी. बाबूने दोरी ओढली. फुर्रर्र. पुन्हा ओढली. फुर्रर्र. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शर्ट पाठीला चिकटला. प्लग खोलून बघितला, पेट्रोलने भिजलेला, फुंकला, पुसला, परत लावला, परत दोरी. काहीच नाही.

"सुभद्रे, बैल तरी शेपटी पिळलंस काय उठत," सावित्री म्हणाली, आणि गडग्यावरून हशा आला.

सुभद्रावयनीची मान खाली गेली. काळोख पडायला लागला तसा बाबू म्हणाला, "उद्या बघूया." त्याने मशीनीवर गोणपाट घातलं, खाली वाकून थोडा वेळ काहीतरी खुडबुड केली, आणि गेला. ही खुडबुड तिने बघितली. पण नेमकं त्याच वेळी गंगारामाला आत न्यायचं होतं.

सकाळी तिने गोणपाट उचललं, तर प्लगची काळी वायर लोंबत होती. आणि जिथे प्लग असतो तिथे नुसतं भोक.

तिने आधी जमिनीवर बघितलं. मग खळ्यात. मग गडग्यावरून हाक मारली, तर बाबूची बायको सारिका म्हणाली, "तो कधीच दर्यार गेलो." फोन लावला, तर लागेना.

"तुमी बघलात? प्लग काडून नेल्यान!"

"असात काय कारण," गंगाराम म्हणाला.

"कारण माका म्हायत आसा!"

आता तिला राहवेना. प्लग नेला तर आणखी काय काय नेलं असेल! ती मशीनीपाशी उकिडवी बसली आणि एकेक वस्तू हाताने चाचपायला लागली. हे टोपण, तो नट, ही तार. खाली एक पिवळं टोपण होतं, ते फिरवून काढलं, तर त्याला आत बोटभर काठी. काठी कोरडी, चकचकीत, वास नाही, डाग नाही. भाताच्या गिरणीत तिने जन्मभर बघितलेलं होतं, इंजिनाच्या पोटात काळं तेल असतं. हिच्या पोटात काहीच नव्हतं. तिने आत फडक्याची सुरळी घालून बघितली. कोरडी.

"तेल पण काडल्यान," ती एवढ्या हळू म्हणाली की गंगारामाला पुन्हा विचारावं लागलं.

"गो, आदी तेका इचार तरी."

"चोराक इचारून चोरी गावता?"

तिने नारळ घेतला, चप्पल घातली, आणि तडक रवळनाथाच्या देवळात.

बाळा घाडी देवळाच्या पायरीवर दात घासत होता. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. त्याने तोंड धुतलं, नारळ हातात घेतला, आणि विचारलं, "नाव घेवचा काय?"

सुभद्रावयनीने पदर सावरला. "नाव नको. देवाक म्हायत आसा."

बाळाने घसा साफ केला आणि त्याचा तो मोठा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला आसा. तिच्या खळ्यातसून ज्या कोणी वस्तू नेल्यान, तो जमनीर असांदे नायतर पाण्यार, तेका आसा थंयसून फिरव, आणि नेलली वस्तू हातात देवन तिच्या दारात उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," तिने म्हटलं. मागून आणखी एक "व्हय म्हाराजा" आला. वळून बघितलं, तर केरसुणी घेतलेली सावित्री.

दुपारी सुभद्रावयनी भात उकडत ठेवून दारात आली, आणि तिच्या अंगावर काटाच आला. खळ्यात बाबू उभा. गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली, पायांना वाळू, एका हातात बांगड्यांची पिशवी. आणि दुसऱ्या हातात प्लग!

"वयनी, बघ कसो चकचकीत केलंय. ब्रशान घासलंय, चुलीर सुकवलंय."

देव एवढ्या लवकर ऐकतो?

"तू... तू तो नेलंस कित्याक?"

"म्हणजे? मशीन भायर खळ्यात, आणि प्लग तसोच ठेवचो? आमी पात वाळूत वडली काय पयलो प्लग काडून खिशात. नायतर रातच्या कोण पात घेवन गेलो तर? सवय ती. हात आपसूक जाता."

"आणि तेल?"

"खंयचा तेल?"

"पोटातला! काठी कोरडी आसा! ता पण सवयीन नेलंस?"

बाबूचं हसू थोडं मावळलं. "वयनी, मी ता टोपण उघडूकच नाय. ऑइल पेट्रोलात घातलंय मा, तुझ्यासमोर."

"समोर एक आणि मागे एक!"

गंगाराम पेळेवरून ओरडला, "अरे, खोक्यार नंबर आसा! दुकानात फोन लावा, आणि माझा भात करपाच्या आदी काय तो निकाल लावा!"

कुडाळच्या दुकानात फोन लागला. सुभद्रावयनीने फोनवरची भाषा लावली. "हॅलो, आमच्या मशीनीतलं तेल नाहीसं झालंय हो. कोणीतरी काढून नेलंय."

पलीकडे एक मुलगी होती. "काकी, काढून कोण नेईल? मशीन येतानाच कोरी येते. इंजिन ऑइल तुम्ही भरायचं असतं. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे."

गंगारामाने हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि वारा घेणं थांबवलं.

"आणि पेट्रोलमध्ये काही मिसळलं नाही ना?"

"ऑइल मिसळलंय," बाबू फोनकडे वाकून म्हणाला.

"अहो दादा, ते होडीच्या मशीनला! हिला पेट्रोल कोरं लागतं. ऑइल वेगळं, खालच्या भोकात, काठीच्या खुणेपर्यंत. गिअरबॉक्सचं आणखी वेगळं. ऑइल नसलं की ती चालूच होत नाही, तशीच बनवलीय. नाहीतर आतापर्यंत आतून जाम झाली असती. आधीचं पेट्रोल सगळं काढून टाका."

फोन बंद झाला. बाबूने मान खाजवली, आणि तो पुन्हा हसणारच होता, तेवढ्यात गडग्यावरून सावित्रीचं डोकं वर आलं.

"गो सुभद्रे! बघलंस मा? सकाळी गाऱ्हाणा घातलंस आणि दुपारी देवान वस्तूसकट हाडून उभो केल्यान! रवळनाथ जागो आसा गो बाय, जागो आसा!"

बाबूने सावित्रीकडे बघितलं. मग वयनीकडे.

"माझ्यार गाऱ्हाणा घातलंस?"

"नाव नाय घेवक मी."

"नाव नाय घेतलंस," बाबू म्हणाला. प्लग त्याने पेळेवर ठेवला, आवाज न करता. बांगड्यांची पिशवीही तिथेच ठेवून निघाला. फाटकापर्यंत गेला, थांबला, परत आला, बांगड्यांची पिशवी उचलली, आणि गेला.

संध्याकाळपर्यंत वाडीत हीच गजाल. किनाऱ्यावर कोणीतरी बाबूला म्हणालं म्हणे, "बाबू, माझी चप्पल दिसना नाय, खिशात बघ जरा." सगळे हसले. बाबू हसला नाही. त्याच्या पातीवरचा गडी दुसऱ्या दिवशी यायचा होता, तो आलाच नाही.

सुभद्रावयनीने बाजारातून ऑइल आणलं. मशीन सपाट जागेवर उभी केली, घाण झालेलं पेट्रोल नळी लावून कॅनमध्ये काढलं, पाण्याच्या बाटलीचा गळा कापून नरसाळं केलं, ऑइल घातलं, काठी पुसून पुन्हा बुडवून खूण बघितली. गिअरबॉक्सचंही भरलं. प्लग लावला. आणि दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला मशीन धाडधाड सुरू झाली, कोंबड्या उडाल्या, आणि तिने घाबरून बंदच केली.

मशीन चांगली होती. तरी तिला बरं वाटेना. रात्री जेवताना म्हणाली, "तेना नेल्यानच नसता तर देव तेका हाडतलो कित्याक? देव चुकता?"

गंगारामाने पिठीत भात कालवला. "देवान काय चूक केल्यान? वस्तू नेलल्या माणसाक हाडून उभो कर म्हटलंस, तेना केल्यान. चोर तू म्हटलंस."

घास तिच्या हातातच राहिला.

बाळा घाडीला विचारलं, तर तो म्हणाला, "घातलला गाऱ्हाणा तसाच माघारी घेवक नाय येणा. तेका वांगडा घेवन ये. दोघांनी उभ्या रवाचा. आणि ह्या टायमाक नाव घेवचा. नाव घेवन सांगूचा, चोरूक नाय म्हणान."

"आणि तो नाय इलो तर?"

"नाय इलो तर रवला तसाच. तेच्यार." बाळाने केळीच्या पानावरचं कुंकू पुसलं. "म्हणजे वाडी तेका चोरच म्हणतली. देवाची साक्ष काडलंस तू."

गडगा ओलांडून जायचं म्हणजे वीस पावलं नाहीत. पण त्या दिवशी तिला ती वाट लांब वाटली. मनात एक म्हणत होतं, जा. दुसरं म्हणत होतं, आणि हा बदल्यात काजी लावायला मागेल तर? देवळात उभा राहायचा मोबदला? तोंडावर नाही कसं म्हणणार?

दारात सारिका तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

"बाबू आसा?"

"आसा. सांबाळून येवा हां वयनी, हंय वस्तू खूप पडलल्यो आसत. मागसून एखादी दिसली नाय तर आमीच तुमच्या दारात येतलाव, नारळ घेवन."

वयनीने ते गिळलं. बाबू मागच्या पडवीत जाळं शिवत बसला होता. वर बघितलंच नाही. ती खांबाला धरून उभी राहिली.

"देवळात येशीत?"

सुई जाळ्यातून गेली, बाहेर आली. "कित्याक?"

"गाऱ्हाणा सोडवूक. नाव घेवन सांगतंय मी. तुझा."

बाबूने जाळ्याला आणखी एक गाठ मारली. "तुका काय वाटता? खरा सांग. चोरलंय मी?"

आता इथे दुसरी कोणी असती तर नाही म्हणून मोकळी झाली असती. सुभद्रावयनी म्हणाली, "प्लग नाय चोरलंस. तेल नाय चोरलंस." आणि थांबली. "कुणग्याचा माका म्हायत नाय."

बाबूचा हात थांबला. "कुणग्याचा काय?"

"काजी लावतलंय म्हणालंस मेरेर उभो रवान. मगे मी थंय काय बोलतलंय? तुझी झाडां, तुझो कुणगो."

बाबूने सुई जाळ्यात खोवली. मग म्हणाला, "व्हय. लावतलंय होतंय. पड जमीन बघान माका पण वाटला, जाता ती आपल्याकडेच जांवदे. खोटा कित्याक बोलू?"

हे ऐकून तिला राग यायला हवा होता. पण झालं उलटंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, हा माणूस आता खोटं बोलत नाहीय. पाय दुखत होते, ती खाली बसली.

"देवळात येतंय," बाबू म्हणाला. "पण मशीनीक हात लावचंय नाय. तूच चालव. उद्या एखादो नट पडलो तर पुन्ना नाव माझा."

देवळात फारसं काही झालं नाही. बाळाने नारळ धरला, आणि सुभद्रावयनीने भरल्या सभामंडपात म्हटलं, बाबून वस्तू चोरूक नाय, सांबाळूक नेल्यान होती. नाव स्पष्ट घेतलं. "व्हय म्हाराजा," बाबू म्हणाला. सावित्रीची केरसुणी अख्खा वेळ एकाच फरशीवर फिरत होती.

दुसऱ्या दिवशी मशीन कुणग्यात गेली. सुभद्रावयनीने काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला, पायात अनिशचे जुने बूट, पुढे दोन बोटं रिकामी म्हणून चिंध्या कोंबलेल्या. मेरेवर पेरायला आलेला बाबू कुळथाची पाटी घेऊन, मशीनीला हात न लावायच्या शपथेवर. गवत बेणलेलं होतं, माती अजून हाताला थंड लागत होती. पण वरचा पापुद्रा वाळायला लागला होता. आज नाही तर नाही.

दोरी ओढली. मशीन सुरू झाली. हाताखालची दांडी दाबली, पाती फिरली, आणि मशीन घोड्यासारखी उडायला लागली! माती खणेना, नुसती वरच्यावर थापा मारत पुढे पळते, तिला ओढत नेते. तिने दांडी सोडली, पाती थांबली.

"पाते उलटे!" बाबू मेरेवरून ओरडला.

तिने मशीन बंद केली. "कोणी लावल्यान?"

बाबूने पाटी खाली ठेवली. मान खाजवली. "मीच. पातीच्या पंख्याच्या अंदाजान लावलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मुद्दाम? पुन्हा तेच मनात आलं, आलंच. बाबूने ते तिच्या तोंडावर वाचलं बहुतेक, कारण तो काही न बोलता शपथ मोडून कुणग्यात उतरला, प्लगची वायर उपटली, आणि ती तिच्या हातात दिली. "ही धरून रव. लावू नको. माझे हात आत आसत." मशीन आडवी कलती केली, आणि दोन्ही हात पात्यांमध्ये घालून पिना काढायला लागला. बाजू बदलली, धार पुढे आली. मुळं गुंडाळलेली होती ती ओढून काढली. सुभद्रावयनीने ती वायर मुठीत एवढी घट्ट धरली की हाताला वळ उठले. त्याची बोटं, ती धार. मनगटावर एक जुना कापल्याचा व्रण होता, तो तिने आज पहिल्यांदा बघितला.

"झाला. मागचो दांडो खाली दाब, मगे खोल जाता आणि पळत नाय. उडूक लागली तर दांडी सोड. बाकी काय नाय."

ह्यावेळी पाती मातीत बसली. काळी ओली माती उलटून वर यायला लागली, तिचा वास आला, बगळे कुठून आले कोण जाणे, पण आले. मागून दहा पावलांवर बाबू, मूठ मूठ कुळीथ फेकत. आणि सुभद्रावयनीला राहवेना. तिने मान वळवून मागे बघितलं. कसा फेकतोय? दाट? पातळ? काठाने येतोय की मधून? तेवढ्यात मशीन डावीकडे गेली आणि मेरेवर चढली. तिने घाईघाईने दांडी सोडली. पाती थांबली ती तिच्या बुटापासून वीतभर.

"फुडे बघ गो!" बाबू ओरडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मागे बघून ही चलणा नाय! पाय जायत!"

तिने मशीन खाली ओढली. श्वास घेतला. दांडी दाबली आणि नजर समोर, माडांच्या रेषेवर ठेवली. मशीन सरळ चालली. पण पाठीला डोळे नाहीत ना! मागे काय चाललंय, तो कुठे आहे, काही कळेना, आणि त्या आवाजात पावलंसुद्धा ऐकू येईनात. थोडं अंतर तिने दात आवळून काढलं. मग समोर बघत बघतच, मशीनीच्या वर आवाज चढवून ओरडली, "बाबू! आसंस मा?"

"आसंय!"

चार हात गेले.

"बाबू!"

"आसंय गो वयनी, आसंय!"

मेरेवर आता सारिकाही येऊन उभी राहिली होती, कंबरेवर हात ठेवून. तिला काही कळेना, ही दोघं एका कुणग्यात एकामागून एक चालतात आणि अशी ओरडतात का. आणि ओळीमागून ओळ उलटत गेली, ओल मातीत होती, कुळीथ मातीत जात होते. सुभद्रावयनीने मान वळवली नाही. दर थोड्या पावलांनी हाक मात्र मारत राहिली.